साहेबांसाठी झाडलेला माळ

मला शांतता हवी होती म्हणून मी गावाच्या अगदी टोकाला घर बांधलं. जन्म पोरांच्या गोंगाटात गेलेल्या मास्तरणीला शांततेचं भारी कौतुक असतं. नवरा आधीच गेला होता, मुलगा पुण्यात रमला होता, पेन्शन चालू झाली होती. दोन खोल्या, पुढे ओटा, अंगणात लिंबाचं झाड, दारासमोर कच्चा रस्ता आणि रस्त्यापलीकडे गावाचं गायरान. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात, दारांना कुलपं लागतात, आणि मागे म्हातारी माणसं अन् कुत्री तेवढी उरतात. पहिल्याच हिवाळ्यात मला कळलं की शांतता मला मुळीच मानवत नाही. पण तोवर घर बांधून झालं होतं.

त्या घरात मी टिकले ती अक्कामुळे. अक्का माझ्याहून थोडी मोठी, एकटीच. तिच्या काळ्या शेळ्या ती सकाळी गायरानात सोडायची आणि उन्हं तापली की माझ्या लिंबाखाली आणून बसवायची. शेळ्या रवंथ करायच्या, अक्का ओट्यावर पाय पसरायची आणि आतल्या दिशेनं हुकूम सोडायची, "बाई, च्या ठिवा." दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला तर नाहीच. तो लगेच "पुण्याला चल" म्हणाला असता, आणि तिथं मला सगळे "आजी, तुम्ही आराम करा" एवढंच म्हणतात.

अक्का काही गोड बाई नव्हती. जावेची निंदा, चकलांब्याला दिलेल्या लेकीचं कौतुक आणि कंबरेचं दुखणं हे तिचे तीन विषय. शिवाय सगळं चुकीचं आणि छातीठोक. मोराची आसवं पिऊन लांडोरीला अंडं राहतं, असं ती सांगायची. मी विज्ञान शिकवलेली, गप्प कशी बसणार? "अक्का, काहीही बोलू नकोस," म्हणून मी भांडायचे. "तुमी पाह्यलंय का? मंग?" म्हणून ती फणकारायची आणि चहा अर्धा ठेवून उठायची. दुसऱ्या दिवशी दुपारी शेळ्या पुन्हा लिंबाखाली हजर. आता वाटतं, त्या भांडणांनीच माझी वर्षं सरली.

मग आमच्या माळांना अचानक भाव आला. कुठं पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कुठं खडी फोडायची यंत्रं आली, कुठं सौरऊर्जेच्या काचा. आमच्या गावालाही तालुक्याहून निरोप आला की गायरानाचा आराखडा करायचा आहे. जमीन सरकारची, तिथं विकासही व्हावा आणि हरणं, मोर, ससेही राहावेत, असा मेळ घालायचा. त्यासाठी आधी, दिवाळीनंतर, साहेब येऊन पाहणी करणार, जागा कशी आहे आणि कोण कशासाठी वापरतं ते बघणार.

साहेब येणार म्हटलं की आमच्या गावाला काय होतं ते मला नोकरीपासून माहीत आहे. शाळेत तपासणी असली की आदल्या दिवशी भिंती रंगायच्या, शेंबडी पोरं घरी ठेवली जायची आणि शेजारच्या वर्गातली हुशार पोरं पुढच्या बाकावर यायची. पाहुणा सरकारी असला तरी पाहुणाच, त्याला घाण दाखवायची नाही. तसाच आता माळ आवरायला निघाला. सरपंचांनी दवंडीसारखा मोबाइलवर निरोप फिरवला आणि गावात उरलेली सगळी म्हातारी फौज कोयते घेऊन आली. बोरीची जाळी तोडली, तरवड उपटला, गुडघ्याएवढं गवत कापून भारे घरी गेले. शेळ्यांच्या लेंड्या झाडल्या. वाटेच्या कडेच्या दगडांना चुना फासला. सगळ्यात पुढे अक्का. कंबर दुखते म्हणणारी बाई दोन दिवस ओणवी होती.

"अक्का, माळ आहे तो, लग्नाचा मांडव नाही," मी ओट्यावरून ओरडले.

"मंग काय काटंकुटं दावायचं सायबाला? गावाची अब्रू हाय का न्हाई?" ती म्हणाली. वर मलाच चहा घेऊन बोलावलं. मीही किटली भरून नेली आणि सगळ्यांना वाटला. खोटं कशाला बोलू, बऱ्याच दिवसांनी माझ्या दारासमोर माणसं दिसत होती, मला बरं वाटत होतं.

पाहणीच्या दिवशी गावातलं एकही जनावर बाहेर आलं नाही. सगळी दावणीला. अक्काच्या शेळ्या घरात कोंडलेल्या, त्यांचं ओरडणं माझ्या घरापर्यंत ऐकू येत होतं. साहेब आले, सोबत एक तरुण मॅडम. दोघं माळभर फिरले. मॅडमनी विचारलं, "इथं गुरं चरतात का?" सरपंचांनी छाती फुगवून सांगितलं, "न्हाई मॅडम, एक जनावर येऊ देत न्हाई आमी. बघा की, कसं चकचकीत हाय." मागे उभ्या असलेल्या बायकांनी माना डोलवल्या. अक्काची मान सगळ्यात जोरात. मी दोन पावलं मागे उभी होते. मला वाटलं, तपासणी झाली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं, शाळेत व्हायचं तसं.

नंतर ऐन हिवाळ्यात ग्रामसभा झाली. निम्मं गाव उसाच्या फडात, तेव्हा सभा म्हणजे आम्ही म्हातारेच. मॅडमनी शाळेच्या भिंतीवर मोठा नकाशा लावला. गायरानाचा उघडा, सपाट भाग निळा. तिथं सौरऊर्जा प्रकल्प, गावाला त्यातून भाडं. डोंगराकडची बाजू हिरवी. तिथं कुंपण, झाडं, मोर आणि हरणांना निवारा, आत कुणी जायचं नाही. मॅडम फार मनापासून समजावत होत्या. त्यांचा राग राग करावा असं त्यांच्यात काहीच नव्हतं, आणि मला राग तर येत होता.

बरं, निळ्यालाही मी नाही म्हणू शकत नव्हते. लग्नानंतरची काही वर्षं मी परळीत, कोळशावरच्या वीज केंद्राजवळ काढली आहेत. अंगणात वाळत घातलेलं धुणं कोळशाच्या राखेनं करडं होऊन परत यायचं, मुलगा लहानपणी रात्ररात्र खोकायचा. राखेशिवाय वीज होत असेल तर देव पावला. आणि हिरव्याला नाही कोण म्हणणार? मोर मलाही हवेत. दोन्ही रंगांकडे आळीपाळीनं बघताना मला एवढंच दिसत होतं की सबंध नकाशात शेळ्या उभ्या राहतील अशी जागा उरलेली नाही.

मी उठून विचारलं, "आणि शेळ्यांनी कुठं जायचं?"

मॅडमनी कागद चाळले. "बाई, पाहणीत चराई दिसली नाही. झुडूप नव्हतं, गवत नव्हतं. सरपंचांनीही तसंच सांगितलं. चराई असती तर आम्ही तिसरा भाग ठेवला असता. इतर गावांत ठेवलाय."

सरपंच पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मी अक्काकडे वळले, म्हटलं, "अक्का, सांग की. रोज कोण चारतं तिथं?" ती पदर तोंडाला लावून बसली होती. चारचौघांत गावाला खोटं पाडायचं, तेही बाहेरच्या माणसांसमोर, हे तिच्यानं होणार नव्हतं. "आपल्या गावानं सांगितलंय ते सांगितलंय," एवढंच ती हळू म्हणाली. मी एकटीच बोलत राहिले. माझ्याकडे एक करडू नाही, त्यामुळे माझं बोलणं म्हणजे निवृत्त बाईंची सवय, असं सगळ्यांनी धरलं. हात वर झाले आणि आराखडा मंजूर झाला.

घरी येताना मी अक्कावर चिडले. "कावून बोलली नाहीस?" तिच्याच भाषेत ओरडले. ती म्हणाली, "झाडलं तर मीच ना, बाई. आता कोन्त्या तोंडानं बोलू?"

उन्हाळ्याच्या तोंडाशी खांब आले, मग तारेचं कुंपण आलं. अक्कानं काही आठवडे शेळ्या घरात बांधून पाला घालून पाहिला. तो आणायचा कुठून आणि किती? एका बाजाराच्या दिवशी तिनं सगळ्या विकल्या. त्यानंतर ती माझ्याकडे दोनदाच आली. ओट्यावर टेकायची, पण पाय पसरत नव्हती. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. चहाचा हुकूम सोडला नाही. मी आपणहून केला तर "कशाला उगा" म्हणाली. आमच्याकडे बाईमाणूस असं बिनकामाचं कुणाच्या ओट्यावर बसत नाही. शेळ्या सावलीला बसल्या की तिलाही बसता यायचं. लोक बघायचे ते राखणीला बसलेली अक्का. आता बघणाऱ्यांना काय सांगणार? "अक्का, मला करमत नाही, तू येत जा," हे वाक्य मी तोंडात घोळवत होते. ते नेमकं म्हणायच्या आतच ती उठली, म्हणाली, "चालते. लोक म्हनतील, हिला कामधंदा न्हाई."

महिन्याभरात लेकीनं तिला चकलांब्याला नेलं. जाताना ती मला सांगून गेली नाही. दूधवाल्याकडून कळलं.

आराखडा चांगला झाला, असं सगळे म्हणतात, आणि खरंच झाला आहे. कुंपणाच्या आत गवत पुन्हा गुडघ्याला लागलं आहे, मोर वाढले आहेत, संध्याकाळी अगदी तारेजवळ येतात. निळ्या बाजूला काचा उन्हात चमकतात. पाहुणे मोटारी थांबवून फोटो काढतात. मी ओट्यावरून बघते. दुपारी लिंबाखाली नुसती सावली असते आणि मी वेळेवर दोघींचं आधण ठेवते, मग लक्षात आलं की त्यातलं निम्मं ओतून टाकते.

दिवाळीनंतर मी गेवराईची गाडी धरली, तिथून चकलांबा. लेकीचं घर विचारत विचारत गेले. अक्का अंगणात बसली होती, भोवती नातवंडं, मांडीवर एक, समोर निवडायला तूर, आत टीव्ही चालू. तब्येत सुधारली होती. मला बघून तिला आनंद झाला, तोंडभर हसली, लेकीला हाक मारून "आमच्या बाई आल्यात" म्हणाली. तिथं तिला बोलायला किती माणसं होती! मग मला पाट देत तिनं सहज विचारलं, "एवढ्या लांब कावून आलात, बाई? काय काम काढलं?"

सबंध वाटभर मी तिला काय काय सांगायचं ते ठरवलं होतं. लेक अन् नातवंडं माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

"गेवराईत बँकेचं काम होतं," मी म्हणाले. "म्हटलं, जाता जाता डोकवावं."

"असं व्हय," अक्का म्हणाली, आणि तिला ते पटलं.