तिरुचीच्या रस्त्यावर वन्सं आणि मी

तंजावर ते तिरुची हा रस्ता मी आणि माझ्या थोरल्या नणंदबाई बरीच वर्षं रोज बरोबर करत होतो. मी तिरुचीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वन्सं तिथल्याच एका विमा कचेरीत होत्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच राहत. गाडी मी चालवायची, त्यांनी शेजारी बसायचं. जुनी डिझेल गाडी इतकी खडखडायची की वल्लम गाव मागे पडलं की बोलणंच बंद. काही सांगायचं तर ओरडावं लागे, आणि सकाळी सकाळी ओरडून सांगण्यासारखं आमच्याकडे काही नसे.

मग त्या गाडीचा क्लच गेला आणि पाठोपाठ वन्संची कंबर धरली. ह्यांनी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड घ्यायचं ठरवलं. शोरूममधल्या माणसाने खरं ते सांगितलं, की हायवेवर इंजिन बहुतेक चालूच राहतं, खरी बचत गावातल्या गर्दीत. ह्यांचं म्हणणं एकच, अक्काला धक्के कमी बसतील. तेवढ्यावर गाडी आली.

मला ती पहिल्या दिवसापासून मानवेना. बटण दाबलं तरी आवाज नाही. सुरू झाली की नाही कळायचं नाही, म्हणून मी पुन्हा दाबायची आणि ती बंद व्हायची. पडद्यावर बाण धावायचे, बॅटरीकडून चाकांकडे, चाकांकडून बॅटरीकडे, आणि रस्ता सोडून माझे डोळे तिथे. इंजिन मध्येच जागं व्हायचं, मध्येच गप्प. कान सारखे ताठ. कॉलेज येईपर्यंत खांदे भरून यायचे. वन्सं मात्र पहिल्यासारख्याच, खिडकीकडे तोंड करून.

एका सोमवारी टोलनाक्यावर रांग लागली. पुढच्या लॉरीचा फास्टॅग वाचला जात नव्हता. गाडी थांबली तसं इंजिनही थांबलं. त्या शांततेत मला हुंदका ऐकू आला. मी रेडिओकडे हात नेला. रेडिओ बंदच होता.

"वन्सं?"

"काही नाही. तू पुढे बघ."

"कंबर दुखतेय का?"

"नाही गं."

मागून हॉर्न सुरू झाले. नाका ओलांडून मी एका टायरच्या दुकानापुढे गाडी उभी केली. वन्संनी पदराने डोळे टिपले, आरसा खाली ओढला, पावडरचा हात फिरवला. सगळं इतक्या सवयीने की मी चपापले.

"हे रोजचं आहे?"

"रोजचं नाही. बहुतेक दिवस."

"जुन्या गाडीतसुद्धा?"

"तिथे सोय होती," त्या म्हणाल्या. "सेंगिपट्टी आली की रडून घ्यायचं. तिरुचीपर्यंत तोंड नीट व्हायचं. तुला ऐकू जायचं नाही, मला सांगावं लागायचं नाही."

मग त्यांनी सांगितलं. नवा साहेब आल्यापासून त्यांचं काम काढून घेतलं होतं. दिवसभर रिकाम्या टेबलापुढे बसायचं, कुणी फारसं बोलायचं नाही. पापनाशमच्या शाखेत जागा होती, मागितली तर मिळण्यासारखी. त्यांनी मागितली नव्हती.

"का?"

"तू एवढ्या लांब एकटी जाशील म्हणून. आणि आता तर त्याने माझ्या कंबरेसाठी ही गाडी घेतलीय."

मला हसूही आलं आणि रागही. तंजावरातल्याच एका कॉलेजातून मला मागे बोलावणं आलं होतं. वन्संना बसचे धक्के खात जावं लागेल म्हणून मी नको म्हटलं होतं. ते मी त्यांना तिथेच सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"म्हणजे आपण दोघी एकमेकींसाठी हा रस्ता करत होतो?"

"दिसतंय तसंच."

"सरी, बरं," त्या तमिळ वळणाने म्हणाल्या आणि पट्टा लावला. "आता चल, तुझा तास चुकेल."

त्यांची बदली झाली. पापनाशमला त्या आगगाडीने जातात, उजेड असताना घरी येतात, आणि तिथली माणसं कशी बोलकी आहेत ते जेवताना सांगत बसतात. तंजावरातली ती जागा मात्र केव्हाच भरली होती. मी एकटीच जाते. आत शांत असलं की मला बसवत नाही. मी काचा उघडते, धूळ येते म्हणून मिटते, पुन्हा उघडते.

परवा जेवताना मी ह्यांना म्हटलं, "मला हे जाणं-येणं नको झालंय."

"गाडी सवयीची होईल," हे म्हणाले. "अजून नवी आहे."

"ती गाडीबद्दल बोलत नाहीये रे," रस्सम वाढता वाढता वन्सं म्हणाल्या.

ह्यांनी हात थांबवला. "मग कशाबद्दल?"

दोघंही माझ्याकडे बघू लागले, आणि शेजारची सीट रिकामी असते, एवढंसुद्धा मला वन्संसमोर नीट सांगता येईना.