लाल दातांची मीटिंग

फोटो धडाधड यायला लागले आणि गॅसवर ठेवलेला चहा मी विसरले. पातेलं करपलं. त्याचं मला काहीही वाटलं नाही, कारण प्रत्येक फोटोत ओळीने उभी असलेली मुलं होती, प्रत्येकाच्या हातात ब्रश होता आणि प्रत्येकाने "ईऽऽ" करून दात दाखवले होते.

ओवी, अद्वैत, तुम्ही मागे विचारलं होतं, "आजी, तू रिटायर झालीस ना, मग फोन लावला की नेहमी बिझी कशी?" त्याचं हे उत्तर. मुद्दाम मराठीत लिहिते आहे. अडलं तर बाबाला विचारा.

मी दातांची डॉक्टर होते. पण दात काढण्यापेक्षा ते किडू नयेत यासाठी शाळाशाळांतून फिरण्यात माझी नोकरी गेली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. डॉक्टर शाळेत वर्षातून एकदा येतो, भाषण करतो आणि जातो. शिक्षक मुलांना रोज बघतो. म्हणून निवृत्त झाल्यावर एका संस्थेबरोबर मी शिक्षकांसाठी मोबाइलवरचा कोर्स तयार केला. छोटे छोटे व्हिडिओ, प्रत्येक व्हिडिओनंतर थोडे प्रश्न आणि शेवटी एक अ‍ॅक्टिव्हिटी. वर्गात मुलांकडून ब्रश करून घ्यायचा आणि त्याचा फोटो अ‍ॅपवर टाकायचा. ब्रश आणि पेस्ट आम्हीच शाळांना पोचवली होती.

सुरुवातीला मोजक्याच शाळा घेतल्या होत्या. याला पायलट म्हणतात, म्हणजे मोठा स्वयंपाक करण्याआधी मीठ चाखून बघणं. शनिवारी शिक्षण खात्यातल्या अधिकारी मॅडम ऑनलाइन मीटिंगमध्ये आमचं काम बघणार होत्या. पटलं तर कोर्स तालुक्यातल्या सगळ्या शाळांना लागू. नाही पटलं तर तिथेच बंद. मधलं काही नाही.

संस्थेचे प्रमुख कर्णिक. त्यांचा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळत होतं की ते खुर्चीत बसलेले नाहीत.

"डॉक्टर, शंभर टक्के! सगळ्या शाळांचे फोटो आले. राजोडीकडच्या शाळेचे तर काय सुंदर! मीटिंगमध्ये त्यांच्याच हेडसरांना बोलायला लावू."

मी ते सुंदर फोटो पुन्हा उघडले, या वेळी मोठे करून. इतकी वर्षं हेच काम केल्यामुळे मला माणसाचा चेहरा नंतर दिसतो, दात आधी. एकाही मुलाच्या ओठांवर फेस नव्हता. हनुवटीवरून ओघळ नाही, शर्टावर डाग नाही. दुसरीतलं मूल ब्रश करतं आणि शर्ट कोरडा राहतो, हे जगात कुठेही होत नाही. मग मी ब्रश मोठा करून बघितला. त्याच्यावर पारदर्शक टोपण तसंच होतं. दुसऱ्या वर्गाच्या फोटोतही टोपण होतं. आणि ब्रशही तेच, निळा, निळा, गुलाबी, हिरवा, त्याच क्रमाने.

मी कर्णिकांना परत फोन लावला.

"मुलांनी ब्रश केलेलाच नाही."

ते म्हणाले, "डॉक्टर, मीटिंग शनिवारी आहे. खाजवून खरूज कशाला काढताय?"

"मी उद्या शाळेत जाऊन येते."

"फक्त बघून या. काही करू नका," ते म्हणाले. माझा स्वभाव ते ओळखून आहेत.

निर्मळला माझ्या घरापासून राजोडी लांब नाही. बुधवारी सकाळी मी स्कूटर काढली. (बाबाने हे वाचलं तर वाचू दे. स्कूटर मी अजून चालवते.) केळीच्या वाड्या संपल्या, सुरूची झाडं आली, मासळीचा वास आला. शाळेचं नाव लिहीत नाही. कारण तुम्हाला पुढे कळेलच.

हेडसर म्हणजे शिंदेसर. मूळचे साताऱ्याकडचे, नीटनेटके, इस्त्रीच्या शर्टातले. मी ब्रशांचा विषय काढला तर त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला, ऑफिसमधलं लोखंडी कपाट उघडलं आणि बाजूला झाले.

"बघा मॅडम. एकही हरवला नाही!"

सगळे ब्रश होते. रंगाप्रमाणे लावलेले. पेस्टच्या ट्यूबाही होत्या, न उघडलेल्या.

"सर, हे मुलांना वापरायला दिले होते."

"हो, दिले ना. फोटोसाठी प्रत्येक वर्गाला दिले आणि परत मोजून घेतले. शाळेचं साहित्य आहे मॅडम. उद्या कोणी आलं आणि विचारलं, ब्रश कुठे गेले, तर काय दाखवू?"

"मुलांचे दात दाखवा!"

मग मीच पुढे विचारलं, "आणि टोपणं?"

"ती मुद्दाम ठेवली. तुमच्याच व्हिडिओत आहे, एकाचा ब्रश दुसऱ्याने तोंडात घालायचा नाही. म्हणून टोपण काढूच दिलं नाही. हायजिन!"

मला हसू आवरेना. माणूस अजिबात कामचुकार नव्हता. त्यांनी माझा कोर्स मन लावून बघितला होता, प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली होती. पण शाळेत आलेली वस्तू जपायची, ही आपल्याकडची जुनी शिस्त. पृथ्वीचा गोल प्लास्टिकच्या पिशवीत, कॅरमबोर्ड कपाटावर, आणि आता ब्रश कपाटात. वापरली तर वस्तू खराब होते, आणि खराब झाली तर जबाबदारी हेडसरांची.

दुसरीच्या वर्गशिक्षिका वैशाली घरत दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आचोळ्याहून रोज स्कूटरने येतात. बोलायला एकदम रोखठोक.

"मॅडम, राग मानू नका. तुम्ही फोटो मागितला, आम्ही फोटो दिला. झाडं लावा, फोटो टाका. हात धुवा, फोटो टाका. त्या दिवशी तर नळाला पाणी नव्हतं, मुलांनी नुसते हात चोळले. फोटो मस्त आला."

"घरतबाई!" शिंदेसर म्हणाले.

"खरं तेच सांगते सर. पण मॅडम, व्हिडिओ चांगले आहेत हां. त्यातलं ओठ वर करून बघायचं मी रोज करते. या, एक दाखवते."

त्यांनी मनस्वी नावाच्या मुलीला बोलावलं. मनस्वीने स्वतःच वरचा ओठ बोटाने उचलला, इतकी तिला सवय झाली होती. पुढच्या दातांवर, हिरडीच्या कडेला, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ होती. किडीची ही पहिली पायरी. अजून खड्डा पडलेला नसतो. या वेळी लक्षात आलं आणि ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, गोड कमी, एवढं सांभाळलं तर कीड तिथेच थांबू शकते. सुई नाही, रडणं नाही. हीच रेघ कोणी बघितली नाही तर दात काळा पडतो आणि मग मूल माझ्यासारख्या कोणाच्या तरी खुर्चीत किंचाळतं.

एका शिक्षिकेने मोबाइलवर शिकून हे ओळखलं होतं! मला तिथेच नाचावंसं वाटलं. कोर्स चालत होता. फक्त आम्ही मोजत होतो भलतंच. असा कोर्स टोपण लावलेल्या ब्रशांमुळे बंद पडू द्यायचा नाही, हे मी त्याच क्षणी ठरवलं. अधिकारी मॅडमना ते टोपण दिसलं असतं तर त्यांनी तो नक्कीच बंद केला असता.

घरी येताना वसईतल्या डेंटल सामानाच्या दुकानात गेले आणि लाल गोळ्या घेतल्या. या गोळ्या खाण्याच्या रंगाच्या असतात. चावून चूळ भरली की दातांवर जिथे जिथे चिकट थर असतो, त्याला आम्ही प्लाक म्हणतो, तिथे लाल रंग बसतो. स्वच्छ जागा पांढरी राहते. ब्रश नीट केला की लाल निघून जातं. इथे खोटा फोटो काढायची सोयच नाही.

कर्णिकांना सांगितलं. ते म्हणाले, "मी फक्त बघून या म्हटलं होतं."

"बघितलं. आता अ‍ॅपमधली अ‍ॅक्टिव्हिटी बदलायची आहे. आधी लाल, मग पांढरा, असे दोन फोटो."

"आणि शनिवारी शंभर टक्क्यांचं काय सांगू?"

"खरं सांगू."

त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की मी फोन कानापासून लांब धरला. पण नाही म्हणाले नाहीत.

वैशालीबाईंनी रात्रीच पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकून परवानगी घेतली. गुरुवारी मी गोळ्या घेऊन हजर. शिंदेसरांनी कपाट उघडलं. एकेक ब्रश देताना त्यांचा चेहरा मुलगी सासरी पाठवताना असतो तसा झाला होता. प्रत्येक ब्रशावर मुलाचं नाव चिकटवलं, टोपणं काढली.

तेवढ्यात फाटकातून मनस्वीची आई आली. माशांची पाटी बाहेर ठेवून, हात पदराला पुसत.

"काय लाल लाल देताय पोरांना? पोटात गेला रंग तर? आधी तुमी खा गुरुजी, मग माजी पोर."

सगळा वर्ग शिंदेसरांकडे बघायला लागला. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी गोळी पुढे केली. त्यांनी ती तोंडात टाकली, चावली, चूळ भरली आणि आईला दात दाखवले.

"अगो बाय!" ती म्हणाली. "गुरुजी, तुमी दात घासता का नाय?"

मग जो कल्ला उडाला तो काय सांगू! मुलांनी गोळ्या चावल्या, एकमेकांच्या तोंडात डोकावून बघितलं. "टीचर, हा राक्षस!" "टीचर, माझी जीभ बघा!" "ए, तुझा सगळाच लाल, शी!" सगळी ब्रश घेऊन नळाकडे पळाली. कोणालाही घासा म्हणून सांगावं लागलं नाही. वैशालीबाई मोबाइलवर व्हिडिओ काढत ओरडत होत्या, "हिरडीपाशी! गोल गोल! आरसा बघा!" मनस्वी ब्रश करायची, आरशात बघायची, पुन्हा करायची. शेवटी तिची आईच म्हणाली, "पुरे गो, दात झिजतील." सगळ्यांचे शर्ट भिजले होते. मी आनंदाने वेडी झाले होते.

आणि माझा फोन वाजला. कर्णिक.

"डॉक्टर, मॅडमना शनिवारी दौरा आहे. मीटिंग आत्ता आहे. लिंक पाठवलीय. शिंदेसरांना बसवा!"

शिंदेसर तेवढ्यात हसले. त्यांचे दात, ओठ, जीभ, सगळं लालभडक होतं. मुलांच्या गडबडीत ते स्वतः घासायचेच राहिले होते. त्यांनी कपाटातला एक उरलेला नवा ब्रश घेतला आणि करकरा घासायला सुरुवात केली.

"सर, आडवं नाही!" वैशालीबाई म्हणाल्या. "कोर्स बघितलात ना?"

पुढचे दात जरा निवळले. पण कडेचे तसेच राहिले, आणि ओठांचा रंग तर घासून जात नाही. फोनमध्ये मॅडम आल्या होत्या. सर टेबलाशी बसले, हाताने तोंड झाकून.

"नमस्कार शिंदेसर. बोला. हात का लावलाय तोंडाला?"

त्यांनी हात खाली घेतला.

मॅडम पुढे वाकल्या. "सर, शाळेत पान खाता?"

कर्णिकांनी डोळे मिटले, हे मला त्यांच्या चौकोनात स्पष्ट दिसलं.

"नाही मॅडम," शिंदेसर म्हणाले. आवाज आधी बारीक होता. "ही दातांवरची घाण आहे. माझी. लाल आहे तिथे माझा ब्रश पोचत नाही. हे बघा, इथे डावीकडे." आणि त्यांनी चक्क बोटाने गाल ओढून दाखवला. "मी रोज घासतो मॅडम. मला वाटायचं, स्वच्छ आहेत. आज दुसरीतल्या पोरांचे माझ्याहून चांगले निघाले."

मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. कपाट, टोपणं, आधीचे फोटो. मला काही बोलावंच लागलं नाही. वैशालीबाईंनी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. मागून मनस्वी आली, तिने कॅमेऱ्यासमोर ओठ वर केला आणि वैशालीबाईंनी पांढरी रेघ समजावली.

मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे आलेले सगळे कोर्स शंभर टक्केच असतात. आपली चूक दाखवणारा हा पहिलाच. तालुक्याला लागू करा. पण एक अट आहे. फोटोआधी सगळ्या मुख्याध्यापकांनी गोळी चावायची."

फोन बंद झाल्यावर शिंदेसर खुर्चीत मागे रेलले. मनस्वीच्या आईने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. "घ्या गुरुजी. आता नीट घासा."

तालुक्याचं पहिलं ऑनलाइन प्रशिक्षण पुढच्या महिन्यात झालं. गोळ्या आधीच पोचवल्या होत्या. मी स्क्रीनवरून सूचना दिली, "चावा, चूळ भरा आणि आरशात बघा." एकेक करून सगळ्यांचे कॅमेरे बंद झाले. सगळा स्क्रीन काळा. मी हाका मारते आहे, कोणी उत्तर देत नाही. कर्णिक घाबरून मला मेसेज करताहेत, "नेट गेलं का?"

नेट गेलं नव्हतं. कोणाचा तरी माइक चालू राहिला होता आणि त्यातून घासण्याचा आवाज येत होता. ऑनलाइन प्रशिक्षणात कॅमेरा बंद दिसला की समोरचा माणूस झोपला आहे असं आपण धरून चालतो. दर वेळी तसं नसतं.