कारंज्याच्या गलाईला मान्यता हवी

सोनं-चांदी गाळायच्या दुकानात किस्से तसेही साचतातच. पण एकदा मान्यतेचा अर्ज करून बघा, महिन्याभरात पोतं भरेल!

कारंजा लाडला आमची गलाई आहे. सराफांचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, हे आमचं काम. आता मोठे सराफ म्हणतात, काम नियमानं चालतं अशी मान्यता नसेल तर माल देणार नाही. म्हणून माझ्या मोठ्या भावानं, विनोददादानं, अर्ज केला. आणि गेल्या महिन्यात मूर्तिजापूर रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. दादा गेला, अर्ज मात्र ठणठणीत!

मी आठवी नापास. मान्यता हुकली तर दादाची भट्टी विझणार, एवढं मलाही कळत होतं.

*

पहिला फोन मान्यता देणाऱ्या ऑफिसातून आला. "अर्जदाराला द्या."

"ते वारले, मॅडम."

"ओह. मग नाव बदलायला त्यांचं संमतीपत्र लागेल. सही ओरिजिनल हवी!"

मी मोबाईल भिंतीवर फेकला. स्क्रीन फुटली, फोन चालूच! खालून आवाज आला, "हॅलो? पोस्टानं पाठवलं तरी चालेल!"

*

आमचे म्हातारे कारागीर बाबारावकाका कसोटीच्या दगडावर सोनं घासून त्याची शुद्धता सांगतात. नियम म्हणतो, कामाची पद्धत लेखी हवी. मी वही घेऊन बसलो.

"लिह्य," काका म्हणाले. "एक, मी पाह्यतो. दोन, मी सांगतो."

"आन् चुकलं तं?"

"तीन, मी चुकत नाही!"

अकोल्याच्या सल्लागारानं या तीन ओळींची चौदा पानं केली. काकांनी ती उलटसुलट करून पाहिली. "अबे, एवढं काम मी करतो? मंग थकतो तं बराबर हाय!"

*

आलेल्या सोन्याचा उगम लिहायचा, हाही नियम. कामरगावच्या, भाजी विकणाऱ्या सुमनकाकू जुनी पोत गाळायला घेऊन आल्या. मी फॉर्म काढला. "काकू, पोत कुठून आली?"

"माह्या सासूनं देल्ली. तिले तिच्या सासूनं. त्याच्या मांगचं देवाले इचार!"

"भांडणतंट्याच्या भागातून आली काय, असं लिहिलंय इथं."

"सासरहून आली, बापा! लिह्य, 'हो' म्हून!"

*

शेवटी तपासणीचे साहेब आले. आग लागली तर सगळ्यांनी कुठं जमायचं, त्याचा नकाशा लागतो. आमचं दुकान एका खोलीचं. आम्ही समोरचा पानठेला दाखवला होता.

"माणसं खरंच तिथं जमतात?" साहेबांनी विचारलं.

"आग नसली तरी जमतो, साहेब!" काका म्हणाले.

साहेबांनी त्यावर बरोबरची खूण केली. हसले मात्र नाहीत. हसायला बहुतेक त्यांना वरून परवानगी लागत असावी.

*

मग साहेबांची नजर खुंटीवर गेली. तिथं दादाचा कामाचा शर्ट टांगलेला होता. त्या दिवसापासून कुणी त्याला हात लावला नव्हता.

गलाईत कामाचे कपडे कधी फेकत नाहीत. कापडात सोन्याचे कण बसतात. शर्ट विरला की तो जाळायचा आणि राखेतून सोनं काढायचं.

"हा कोणाचा?"

"दादाचा."

"ते कामावर आहेत?"

"नाहीत."

"मग हा गणवेश नाही. हा धातू असलेला माल झाला. जाळून निघेल तेवढं सोनं रजिस्टरला दाखवा. नाहीतर माझा आक्षेप लागेल, आणि मान्यता अडेल."

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढू काय रे खाली?"

मीच काढला. माझ्या टी-शर्टवरून तो अंगात घातला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. बाह्या बोटांच्याही खाली गेल्या.

"घ्या!" मी ओरडलो. "आला कामावर! आता जाळा!"

काका भट्टीकडे तोंड करून उभे राहिले. साहेबांनी पेन खिशाला लावलं, जवळ आले, आणि माझी एक बाही दोनदा दुमडली. मग दुसरी.

"भट्टीपाशी बाही लोंबू द्यायची नाही," ते म्हणाले. "सुरक्षेच्या नियमात बसत नाही. चला, पुढचा मुद्दा."