लाल पिन

धक्क्यावर मास्तर म्हटलं की कुणाला शाळा आठवत नसे. मास्तर म्हणजे ट्रेलर मागे घेणारे मास्तर. दोन भिंतींमधून पाण्यात जाणारा तो उतार इतका चिंचोळा, की होडीचा ट्रेलर उलटा नेताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. स्टिअरिंग उजवीकडे वळवावं तर ट्रेलर डावीकडे पळतो, आणि मग मागची रांग नि शेजारी बसलेली बायको एकदमच ओरडायला लागतात. शेवटी कुणीतरी म्हणे, "मास्तरांना बोलवा!" मास्तर चहा मुद्दाम सावकाश संपवत आणि एका दमात ट्रेलर पाण्यात नेऊन ठेवत. सत्तावीस वर्षं त्यांनी त्या हाकेवर काढली होती.

आणि मग सख्ख्या धाकट्या भावानेच डोकं चालवलं. धाकटा वेल्डर. त्याने उताराच्या माथ्यावर हाताने फिरवायचा रहाट बसवला. ट्रेलर गाडीपासून सोडा, त्याच्या पुढच्या दांड्याला दोर अडकवा, रहाटाची दांडी फिरवा. ट्रेलर सरळ खाली. मागे घ्यायची भानगडच नको. शिवाय पार्किंगचं आवार हातभर तोकडं, ट्रेलरचे दांडे रस्त्यावर यायचे आणि लोकांच्या नडग्या फुटायच्या. त्यावर त्याने दांडा जाड पाइपात सरकेल असा केला. ठेवताना आत ढकला, नेताना बाहेर ओढून आरपार पिन घाला. फाटक पहिल्यांदाच लागलं. लोकांनी तोंडात बोटं घातली.

मास्तरांचा जळफळाट झाला.

"तुमच्याच भावाचं कौतुक चाललंय ना?" बायको म्हणाली.

"मग? मी कुठे काय म्हणतोय?" असं म्हणून त्यांनी कप असा आपटला की कान तुटला.

धाकट्याला लहानपणापासून एक सवय. कुठलंही काम झालं की, "दादा, बघ रे एकदा." दांडा तयार झाला तेव्हाही त्याने दाखवला. मास्तर तुटकपणे म्हणाले, "पिन विसरतो माणूस. खालून दांड्याला नि ट्रेलरला साखळी लाव." त्याने संध्याकाळपर्यंत लावली. त्याचाही मास्तरांना रागच आला. निदान वाद तरी घालायचा!

डॉक्टरीणबाईंची नवी होडी पहिल्यांदा रहाटाने उतरणार, म्हणून सगळा धक्का जमायचा होता. दुपारी धाकटा जेवायला गेला. मास्तर एकटेच होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्या होडीच्या ट्रेलरच्या दांड्यातली लाल रंगाची पिन उपसून खिशात टाकली. एकदा चारचौघांत फजिती होऊ दे त्याची, मग आठवतील मास्तर. हात साखळीकडेही गेला. तिथून मात्र मागे आला.

चार वाजता गर्दी झाली. रहाटाची दांडी धरून धाकट्याने वरूनच विचारलं, "दादा, बघ रे एकदा."

मास्तर वाकले. रिकामं भोक त्यांच्याकडे बघत होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले.

सपाटीवर काही झालं नाही. चाकं उतारावर आली आणि दांडा करकरत पाइपातून निसटला. बायका किंचाळल्या. ट्रेलर वीतभर घसरला, साखळी ताठ झाली, आणि होडी जागच्या जागी थांबली.

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ही साखळी दादाने लावायला सांगितली होती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नाहीतर आज..."

"मास्तर, वाचवलंत हो!" लोक पाठीवर थापा मारायला लागले. किती महिन्यांनी ती हाक आली होती, आणि मास्तरांना ती ऐकवेना.

चाकांखाली अडसर घालून धाकटा गुडघ्यांवर बसला आणि दगडांमध्ये पिन शोधायला लागला. मास्तरांना ते बघवलं नाही. ते जवळ गेले आणि खिशात हात घातला.

"घे."

धाकट्याने लाल रंगाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"साखळी का ठेवलीस?" त्याने हळूच विचारलं.

"ती माझी होती."

दोघांनी मिळून दांडा आत सारला, धाकट्याने पिन ठोकली. होडी पाण्यात गेली, टाळ्या झाल्या, पुढचा ट्रेलर आला. रहाटाची दांडी हातात घेऊन तो सवयीने दादाकडे वळला. तोंडही उघडलं होतं.

मग त्याने दांडी अडकवून ठेवली, खाली आला, आणि स्वतःच वाकून पिन बघितली. मास्तर तिथेच तीन पावलांवर उभे होते.