आबांचं दुखणं

"नाव ऱ्हाऊ दे. आडनाव सांग."

शिरूरजवळच्या त्या बंगल्याच्या पायरीवर थोरल्या सुनेनं मला पहिलं हेच विचारलं. मी सांगितलं. ती मागं सरली. "मागनं ये. आबांच्या खोलीबाहेर कुठं शिवायचं न्हाई."

मी नर्स. दौंडच्या एका खाजगी दवाखान्यानं मला पाठवलेलं. तिचे सासरे, आबा, तोंडाच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळलेले. ऑपरेशनची वेळ निघून गेलेली. गाल कुजून भोक पडलेलं, त्यात अळ्या. घरचं कुणी आत येईना. थोरला मुलगा नाकाला रुमाल लावून दारातनंच बघायचा. अळ्या मी चिमट्यानं काढायचे. आन् घरचे मला प्यायला पाणी वरनं ओंजळीत ओतायचे. जखमेला माझा हात चालत होता, माठाला चालत न्हवता.

आबा ओरडायचे. गुरासारखे. माझं मनगट धरायचे, नखं रुतायची. गोळ्या चालू होत्या साध्या तापाच्या.

डॉक्टर आले तवा मी म्हणाले, "सर, दुखणं लई हाय. यावर मोठं औषध असंल ना?"

"तू कुठं शिकलीस गं हे?" सगळ्यांदेखत.

खरंच शिकले न्हवते. मरणाऱ्याचं दुखणं आम्हाला कुणी शिकवलंच न्हवतं.

"गूमूत काढ. दुखण्याचं मी बघतो."

मुलगा हसला.

डॉक्टरांनी काही बघितलं न्हाई. शेवटी शेवटी आबांचा आवाजच फुटेना. नुसतं तोंड उघडं. तसेच गेले.

प्रेत अंगणात होतं. सून म्हणाली, "ती गादी नदीवर नेऊन धू."

"न्हाई."

"काय म्हणलीस?"

"मी आबांसाठी आले होते. आबा गेले. गादी तुमची, तुम्ही धुवा."

मुलानं हात उगारला. मी हलले न्हाई. सगळं गाव बघत होतं. हात खाली आला. मी त्या माणसांमधनं चालत निघाले.

पण डॉक्टरांचा तो प्रश्न डोक्यातनं जाईना. पुढं कळलं, शेवटच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा पुण्यात शिकवतात, परीक्षा घेतात, सर्टिफिकेट देतात. दौंडहून गाडीनं जाऊन शिकले. तिथं एक दिवस मॉर्फिनचं शिकवलं. आबांसारख्या दुखण्याला औषध होतं. तवाही होतं.

सर्टिफिकेटनं लोक सुधारले न्हाईत. आजही काही घरं मला ओट्यावरच बसवतात. पण आता दुखणं किती, कशानं वाढतं, कुठलं औषध लागंल, हे मी डॉक्टरांच्या तोंडावर सांगते. त्यांना ऐकावं लागतं. न्हाई ऐकलं तर मी पेशंटच्या माणसांना घेऊन दुसरा डॉक्टर गाठते.

दवाखान्यातल्या पोरींना म्हणते, परीक्षा द्या. मान मिळंल म्हणून न्हाई, तो कुणी देत नसतं. माणूस ओरडत असताना तुम्हाला कुणी गप्प बसवू नये म्हणून द्या.

मला कामावरनं काढा, घराबाहेर हाकला. मी बोलणार.