टॅब चुलीमुळे बिघडला नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. जव्हारला कॉलेजात असताना जो मित्र तीन वर्षं माझ्या खोलीत राहिला त्यालाही नाही — आणि त्याला तर यातलं अर्धं माहीत होतं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही आमच्या पाड्यावर कधी येणार नाही, म्हणून असेल. तसं असेल तर तोही भित्रेपणाच. पण आता सुरुवात केलीच आहे.

आमचा पाडा सूर्यमाळच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून तासभर चाललं की लागतो. तिथला मी पहिला पदवीधर. आश्रमशाळा, मग जव्हारला बी.एस्सी., मग नाशिकला मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स, आणि आता तिथंच नोकरी. यात माझं एकट्याचं फार थोडं आहे. वसतिगृहातल्या मावशी मी उशिरा पोचलो तर भात झाकून ठेवायच्या. गणिताचे सर रविवारी स्वतः गाडीवर येऊन शिकवायचे. ही माणसं आठवली की मला आपलं आयुष्य उसनं घेतल्यासारखं वाटतं — आणि नेमकं तेव्हाच मंजी वहिनी आठवते.

आश्रमशाळेत अधूनमधून मला बोलवतात. मुलांपुढं मी एका टॅबची गोष्ट सांगतो. एका संस्थेनं आमच्या पाड्याला एक टॅब दिला होता, त्यावर मी हे सगळं शिकलो, असं. मुलं टाळ्या वाजवतात. गोष्ट खोटी नाही. फक्त मी ती अर्ध्यावर थांबवतो.

तो टॅब सांभाळायला वहिनीकडे दिलेला होता. वहिनी म्हणजे आमच्या शेजारच्या चुलतभावाची बायको, मंजुळा. सगळे मंजी म्हणतात. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. संस्थेच्या सरांनी विचारलं, टॅब कोण सांभाळेल, तेव्हा बायाबापडे एकमेकांकडे बघत राहिले आणि ती म्हणाली, मी. दुपारी समाजमंदिरात मुलं गोळा करायची, त्यातले धडे लावायची, आणि मुलांच्या मागं बसून स्वतः वहीत उतरवून घ्यायची. दहावीला बाहेरून बसण्यासाठी तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. चार वर्षांचा मुलगा कडेवर, वही मांडीवर. भूमितीचा धडा तिनं किती वेळा लावला असेल? मुलं कंटाळून ओरडायची, वहिनी, पुढचा लाव की. ती म्हणायची, तुमी तरणी पोरं, तुमाला लवकर कळतं, मना जरा टाइम लागतो.

टॅब हळू होता, हे खरं. धडा चालू असताना अडकायचा, पडद्यावरच्या मास्तरांचं तोंड उघडंच राहायचं आणि मुलं हसत सुटायची. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो आणि मला या गोष्टींचं वेड लागलेलं होतं. मी वहिनीला म्हणालो, मी जव्हारला नेऊन जोरात पळेल असा करून आणतो. तिनं ओढणीत गुंडाळून दिला.

खोलीवर मी तो रूट केला. म्हणजे कंपनीनं लावलेलं कुलूप तोडून आतला सगळा ताबा स्वतःकडे घेतला. मग त्यात कुणीतरी परदेशी पोरानं बनवलेला कस्टम कर्नल घातला. कर्नल म्हणजे प्रोसेसरनं किती वेगानं चालायचं हे ठरवणारा आतला मुकादम, असं मी वहिनीला समजावलं होतं. या नव्या मुकादमाकरवी प्रोसेसरकडून कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त काम काढून घेता येतं. त्यालाच ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. आठवड्याभरानं मी टॅब परत आणला तेव्हा धडे न अडकता चालायला लागले. वहिनीनं सगळ्या पाड्याला सांगितलं, रघूनं केला.

इथवरची गोष्ट मी शाळेत सांगतो.

पुढची अशी. धडे चालण्यापुरता वेग पहिल्याच पायरीवर मिळाला होता. तिथं थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण इंटरनेटवर अशा उद्योगी लोकांची एक जागा होती, तिथं जो तो आपापल्या टॅबचा वेग मोजून आकडा टाकायचा. मीही टाकला. माझ्यासारख्याच स्वस्त टॅबवर कुणाचाही एवढा आला नव्हता. कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांनी मला शाबासकी दिली. तुम्हाला सांगतो — तोवर मला जी शाबासकी मिळायची तिच्या मागं नेहमी एक शेपूट असायचं. पाड्यावरचा असून. आश्रमशाळेतला असून. या लोकांना माझा पाडा ठाऊक नव्हता. पहिल्यांदाच कुणी मला नुसतं हुशार म्हटलं.

मग मी दर शनिवारी घरी आलो की वेग आणखी चढवायचा. तापला की टॅब आपोआप हळू पडायचा आणि माझा आकडा घसरायचा. हळू पडणं हीच त्याची राखण होती. मी ती राखण बंद केली. सेटिंगमधल्या चौकोनातली एक खूण काढली की झालं, इतकं सोपं होतं ते. तिथं इशारा लिहिलेला होता. मी वाचला होता. समजलाही होता. हे न समजता झालं, असं मी म्हणू शकत नाही.

वहिनीच्या ते आधी लक्षात आलं. तिनं टॅब माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "याला ताप आलाय रं. पोरासारखा फणफणतोय." मी म्हणालो, जोरात पळणाऱ्याचं अंग तापणारच. ती हसली. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता.

मग पावसाळा आला. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या असतात. मीठ, काडेपेटी, बियाणं, सुकट, प्लास्टिकात घातलेलं रेशनकार्ड — जे जपायचं ते सगळं चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या कामट्यांच्या फळीवर जातं. वहिनीनंही मला विचारलं, समाजमंदिर गळतंय, टॅबला ओल लागेल, दुपारभर फळीवर ठेवू का? मी गडबडीत होतो. ठेव, म्हणालो, एका दुपारी काही होत नाही. आणि खरोखरच काही झालं नाही. चूल विझलेली होती. संध्याकाळी तो गारच होता, मी हात लावून पाहिला होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं मी याच दुपारचा उपयोग केला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी धडा चालू असताना टॅबची पाठ फुगली. काच एका बाजूनं उचलली गेली आणि सगळं काळं झालं. मुलं पळाली. वहिनी तो पदरात धरून पावसातून आमच्या घरी आली. मी पाठ उघडली. बॅटरी उशीसारखी फुगलेली होती. काय झालंय ते मला बघताक्षणी कळलं. ती उंबऱ्यात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा सांगता आलं असतं ना? ती फार तर म्हणाली असती, अरे देवा. मी म्हणालो, बघतो.

चार दिवसांनी संस्थेचे सर आले. समाजमंदिरात पंधरावीस माणसं जमली होती. याच सरांनी मला नाशिकच्या कोर्ससाठी शिफारस द्यायचं कबूल केलं होतं. टॅबचं कुलूप तोडायला मला कुणी परवानगी दिलेली नव्हती. सरांनी मलाच विचारलं — पाड्यात यातलं कळणारा मीच ना? काय झालं असेल रे?

मी म्हणालो, "सर, चुलीवरच्या फळीवर ठेवला होता. उष्णतेनं बॅटरी जाते."

दोन्ही वाक्यं खरी होती. खऱ्या वाक्यांनी इतकं स्वच्छ खोटं बोलता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

सगळ्यांना लगेच पटलं. पटणारच, प्रत्येकाच्या घरी तशी फळी आहे. सरांनी वहिनीकडे पाहिलं. ती म्हणू शकत होती की रघूला विचारूनच ठेवला होता. मी त्याचीच वाट बघत होतो. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"ठेवला व्हता, सर," ती म्हणाली. "मना नाय कळलं. माझीच चूक झाली."

तिनं मला वाचवलं, की तिला माझं म्हणणं खरंच पटलं? तेव्हा मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

सर रागावले नाहीत. असं होतं, म्हणाले. पण पुढचा टॅब दुसऱ्या पाड्याला गेला, जिथं एक शिकलेला माणूस सांभाळायला होता. परतताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तू सरळ सांगितलंस ते बरं केलंस, लोक अशा वेळी लपवतात. शिफारसपत्रात त्यांनी प्रामाणिक हा शब्द घातला. ते पत्र माझ्या फायलीत अजून आहे.

वहिनी परीक्षेला बसली नाही. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. टॅब असता तरी जावं लागलं असतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. असेलही. पण त्या पावसाळ्यात ती अभ्यास करत होती आणि माझ्या त्या दोन वाक्यांनंतर तिनं वही उघडली नाही. मध्ये दुसरं काही घडलेलं नाही.

पाड्यात त्याचा विनोद झाला. कुणाचा मोबाइल तापला की हमखास कुणीतरी विचारतं, मंजीकडे ठेवला व्हता का काय? वहिनीही हसते.

यंदा शिमग्याला मी घरी गेलो होतो. वहिनीचा मुलगा आता वाडा तालुक्यात एका कंपनीत लागलाय. त्यानं आईला मोबाइल पाठवला होता. सणाला त्याला सुट्टी नव्हती, म्हणून त्यावर फोन करायचा होता. ती खोकं घेऊन आमच्या अंगणात आली. आतला कागदसुद्धा तिनं काढलेला नव्हता. मी चालू करून तिच्यापुढं धरला. तिनं हात मागं घेतले.

"तूच धर," ती म्हणाली. "या वस्तू माझ्या हाताला लाभत नाईत. तुला तर ठाव हाय."

आई आतून म्हणाली, तिच्या हातात देऊ नको रं, भाकर करंल त्याची. सगळे हसले. मीही हसलो. हो, मी हसलो — बाकीच्यापेक्षा हे सांगणं मला जास्त जड जातंय.

म्हणजे तिनं मला वाचवलं नव्हतं. तिला माझं म्हणणं खरंच पटलं होतं, आणि इतकी वर्षं ती तेच धरून बसली होती.

मी म्हणू शकलो असतो, वहिनी, तसं नाही. दोन वाक्यांचं काम होतं. आई होती, बायको होती, अंगणात सगळी ओळखीची माणसं होती. मी नंबर लावला. पलीकडून मुलाचा आवाज आला तशी ती पुढं सरकली आणि मान कलती केली. मी फोन तिच्या कानाशी धरला. जेवलास का, तिनं विचारलं. ऊन लई हाय का तिकडं? सण केला का कुणी तुमच्याकडं? बराच वेळ बोलत होती, मध्येच हसत होती. तिचे दोन्ही हात पूर्ण वेळ मांडीवर होते, एकात एक अडकवलेले. माझा हात भरून आला तसा मी बदलला.

बोलणं संपलं. मी फोन बंद केला, पुसला आणि तिच्या खोक्यात ठेवून झाकण लावलं.