साक्षीदार घरीच राहिला

समजा, तुमच्या हातात एक जुनी जांभळी फुलदाणी आहे आणि ती रंग बदलणाऱ्या काचेची आहे की नुसतीच जांभळी, हे तुम्हाला सांगायचं आहे. आधी ती खिडकीशी न्या. फिकट जांभळी दिसेल. मग पिवळ्या बल्बखाली धरा, गुलाबी झाक येईल. इथवर काहीच सिद्ध झालेलं नाही, कारण साधी जांभळी काचही साधारण अशीच वागते. आता ट्यूबलाइटखाली या. काच खरी असेल, तर तुमच्या डोळ्यांदेखत जांभळा रंग पळून जाईल आणि हातात धुरकट निळी फुलदाणी उरेल. अशी काच वितळवताना तिच्यात एका धातूची भुकटी घालतात. ती भुकटी पिवळ्या प्रकाशाचा एक पट्टा गिळते. मग त्या त्या दिव्यातले जे रंग उरतात, ते आपल्याला दिसतात.

म्हणून भिंगताईंचा नियम होता: काचेच्या आधी दिवा तपासायचा. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत त्या बत्तीस वर्षं भिंगं घासत होत्या. नाव त्यावरूनच पडलं. घरच्या कपाटात अशा काचेचे एकेचाळीस नग होते, पेले, वाट्या, एक कानतुटकी सुरई. आणि पर्समध्ये होता ‘साक्षीदार’, म्हणजे फुटलेल्या अत्तराच्या बाटलीचं बूच, खात्रीच्या काचेचं. आधी साक्षीदार दिव्याखाली धरायचा. तो निळा झाला, तरच त्या दिव्याच्या भरवशावर निकाल द्यायचा.

परवा संध्याकाळी त्या वहिनींकडे गेल्या, तेव्हा मात्र साक्षीदार घरीच राहिला. घरच्या घरी कसला साक्षीदार, असं त्यांना वाटलं.

दादा गेल्यावर वहिनी मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. सामान आवरताना त्यांनी ट्रंकेच्या तळातून लुगड्यात गुंडाळलेली फुलदाणी काढली. लग्नानंतर सासूबाईंनी, म्हणजे भिंगताईंच्या आईने, ती हातात देताना म्हटलं होतं, “जप हो, ही रंग बदलते.” वहिनींनी आठवडाभर ती खिडकीत ठेवून पाहिली. ती जांभळी ती जांभळीच. सासूने नव्या सुनेची थट्टा केली, असं धरून त्यांनी ती ट्रंकेत टाकली. नणंद एवढी काचेतली जाणकार, पण तीस वर्षांत तिला दाखवली नाही. खोटी निघाली तर?

“आता सांगाच, वन्सं,” वहिनी म्हणाल्या. “होऊन जाऊ दे काय ते.”

भिंगताईंनी बल्ब लावून पाहिलं. मग बल्ब बंद करून दिवाणखान्यातली ट्यूब लावली. फुलदाणी जांभळीच राहिली.

“साधी आहे, वहिनी.”

वहिनी हसल्या, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. “चला, सुटले. टवका पण उडालाय हिचा. जाऊ दे भंगारात.”

काल सकाळी दुकान उघडलं. मालकांनी मागच्या खोलीतलं बटण दाबलं. डोक्यावरची जुनी ट्यूब एकदा लुकलुकली, दोनदा लुकलुकली, तिसऱ्यांदा कुठे पेटली.

“हिला बदलायला हवं, ताई. माझ्यासारखंच हिचं. उठायला वेळ लागतो.”

भिंगताईंनी वर पाहिलं. वहिनींची ट्यूब लुकलुकली नव्हती. बटण दाबताच लख्ख पेटली होती. त्यांनी फोन लावला.

“वहिनी, तुमच्या ट्यूबा कधी बदलल्या?”

“महिना झाला. ते नवीन एलईडी. का हो?”

नळीसारखीच नळी, तेवढीच लांब, त्याच पट्टीत बसवलेली. पण आतला प्रकाश वेगळा. त्यात ही काच निळी होईलच असं नाही. जे जगाला सांगत फिरायच्या, तिथेच त्या फसल्या होत्या.

“फुलदाणी कुठंय?”

“आत्ताच गेली की. टेम्पो आला होता जुन्या सामानवाल्याचा.”

सामानवाल्याचं गोदाम दुकानापासून दोन गल्ल्या सोडून होतं. टवका उडालेली काच तो विकत नाही, पिंपात टाकून फोडतो आणि भट्टीला पाठवतो, हे भिंगताईंना पक्कं माहीत होतं. साक्षीदाराची बाटली तिथेच गेली होती. त्या चपला कशाबशा अडकवून पळाल्या. गोदामाच्या दारातच काच फुटल्याचा खळ्ळकन आवाज आला.

“थांबा! थांबा हो!”

सामानवाला लोखंडी दांडा हातात धरून वळला. “काय झालं, ताई? कुणाचा जीव घेत नाहीये मी.”

“जांभळी फुलदाणी. आत्ता टेम्पोतून आलेली.”

“पिंपात बघा. गेली असेल बहुतेक.”

भिंगताई पिंपावर वाकल्या. वरच हिरवे तुकडे, पांढरे तुकडे, आणि एक जांभळा. त्यांनी बोटाने तुकडा उलटला, तर त्यावर औषधाच्या बाटलीची अक्षरं होती.

“अहो, ही का?” सामानवाल्याने पायाशी पडलेल्या गोणपाटातून फुलदाणी उचलली. “हिचाच नंबर होता पुढचा. न्या बाई न्या, पण पुढच्या वेळी आधी ठरवून टाका!”

भिंगताईंनी फोन केला, तशा अर्ध्या तासात वहिनी दुकानात पोचल्या. मागच्या खोलीत भिंगताईंनी खिडकी लावली, टेबलावर फुलदाणी ठेवली आणि शेजारी साक्षीदार. बटणावर बोट होतं, दाबवत नव्हतं. पुन्हा चुकलं, तर या बाईला एकाच फुलदाणीवरून दुसऱ्यांदा दुखवायचं.

“दाबा हो, वन्सं. तीस वर्षं थांबलेय.”

ट्यूब लुकलुकली. पुन्हा लुकलुकली. पेटली.

बूच निळं झालं. आणि त्याच्या शेजारी फुलदाणीही, गळ्यापासून बुडापर्यंत, तशीच धुरकट निळी.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “थट्टा नव्हती म्हणजे.”

“नव्हती. चूक माझी, वहिनी. मी दिवाच तपासला नाही.”

“तुमची अर्ध्या दिवसाची. माझी तीस वर्षांची.” वहिनी टवक्यावरून बोट फिरवत राहिल्या.

मालक पडद्याआडून डोकावले. “मग, ही ट्यूब बदलायची का नाही?”

“हात तर लावून बघा!” दोघी एकदमच बोलल्या.

फुलदाणी आता वहिनींच्या सामानात, कपड्यांच्या मधोमध बसली आहे. भिंगताईंनी पर्सला दोरी बांधून साक्षीदार तिच्यात कायमचा अडकवला आहे. पण भिंगं घासता घासता त्यांचा हात मध्येच थांबतो. आई कधी गावाबाहेर पडली नाही. घरात तेव्हा पिवळे बल्बच होते, ट्यूब आली ती आई गेल्यानंतर. मग ही काच निळी होते, हे तिने पाहिलं तरी कुठे, आणि कुणासोबत?